शहाळे-कलिंगडाचे उन्हाळी पेय : माडाच्या शेंड्यापासून पेल्यापर्यंत

चैत्र-वैशाखाच्या उन्हात शेतावर काम करणाऱ्या माणसाच्या शरीरातून घामावाटे पाण्याबरोबर क्षारही बाहेर पडतात. ही झीज भरून काढण्यासाठी आपल्याकडे ताक, पन्हे, कोकम सरबत आणि शहाळ्याचे पाणी यांचा वापर पूर्वापार होत आला आहे. अलीकडे कृषी प्रदर्शने, कृषी पर्यटन केंद्रे आणि महिला बचत गटांची विक्री केंद्रे यांमध्ये शहाळ्याचे पाणी व ताज्या फळांचा रस यांच्या मिश्र पेयांना चांगली मागणी दिसते. त्यांपैकी शहाळे आणि कलिंगड यांचे पेय सर्वांत सोपे. ते करायला यंत्रसामग्री लागत नाही, साखर लागत नाही, आणि दोन्ही फळे ऐन उन्हाळ्यातच मुबलक मिळतात.

मात्र या पेयाची एक अडचण आहे. ते उकळले जात नाही, आंबवले जात नाही आणि त्यात कोणतेही परिरक्षक घातले जात नाही. त्यामुळे बागेत जे घडले ते जसेच्या तसे पेल्यात उतरते. माडाला दिलेले औषध, कलिंगडाला झालेला फळमाशीचा दंश, कोयत्याला लागलेली माती आणि गाड्यावर बसलेली माशी यांपैकी काहीही पुढे दुरुस्त करता येत नाही. म्हणून या पेयाची कृती स्वयंपाकघरात नव्हे, तर बागेत सुरू होते, असे समजून चालणे हिताचे आहे.

शहाळ्याच्या पाण्यात काय असते

नारळ कोवळा असताना त्याच्या पाण्यातील साखर हळूहळू वाढत जाते. साधारण सातव्या महिन्याच्या सुमारास ती सुमारे ५ टक्क्यांपर्यंत पोहोचते आणि नारळ पूर्ण पक्व होईपर्यंत पुन्हा घटून २ टक्क्यांच्या आसपास येते. कोवळ्या अवस्थेत ही साखर मुख्यतः ग्लुकोज व फ्रुक्टोज या साध्या रूपात असते. म्हणूनच सात ते आठ महिन्यांच्या शहाळ्याचे पाणी सर्वांत गोड लागते आणि पाण्याचे प्रमाणही याच सुमारास भरपूर असते.

क्षारांपैकी पालाश, म्हणजे पोटॅशियम, या पाण्यात भरपूर असते. १०० मिलिलिटर पाण्यात ते सर्वसाधारणपणे २०० मिलिग्रॅमच्या आसपास आढळते. सोडियम मात्र त्या मानाने कमी असते. घामावाटे जाणारा प्रमुख क्षार सोडियम हाच असल्याने, कष्टाचे काम करणाऱ्यांसाठी या पेयात चिमूटभर मीठ घालणे केवळ चवीपुरते नाही, त्यामागे कारण आहे. याच कारणामुळे अतिसार किंवा उलट्या होत असलेल्या रुग्णाला शहाळ्याचे पाणी हा जलसंजीवनीचा पर्याय ठरत नाही. जलसंजीवनीतील सोडियम व ग्लुकोज यांचे प्रमाण ठरवून दिलेले असते; शहाळ्यात ते जातीनुसार, जमिनीनुसार आणि वयानुसार बदलते.

योग्य शहाळे कसे ओळखावे

माडाला साधारणपणे दर महिन्याला एक पोय येते. त्यामुळे नुकत्याच उमललेल्या पोयीपासून खाली घड मोजत गेल्यास सातवा-आठवा घड शहाळ्यासाठी योग्य ठरतो. या वयात आतील मलई पातळ, जेलीसारखी असते आणि फळ हलवले तरी पाणी खुळखुळत नाही. पाणी खुळखुळू लागले, की फळ शहाळ्याच्या अवस्थेच्या पुढे गेले असे समजावे.

शहाळ्यासाठी ठेंगू जाती विशेष उपयुक्त असतात. केंद्रीय रोपवन पिके संशोधन संस्था, कासरगोड या संस्थेने शिफारस केलेली चौघाट ऑरेंज डार्फ ही नारिंगी फळांची जात गोड पाण्यासाठी प्रसिद्ध आहे. कोकणात बाणवली या उंच जातीचीही शहाळी मोठ्या प्रमाणावर काढली जातात. ठेंगू जातीचे घड जमिनीवरून किंवा छोट्या शिडीवरून काढता येतात. उंच माडावरील घड मात्र दोराने खाली सोडावा. शहाळे उंचावरून टाकल्यास त्याला बारीक तडे जातात. हे तडे बाहेरून दिसत नाहीत, पण त्यांतून हवा व सूक्ष्मजीव आत शिरतात आणि एरवी निर्जंतुक असलेले पाणी लवकर आंबते.

सालीवरचा डाग आणि पाण्याची सुरक्षितता

शहाळ्याच्या बागायतदाराला सर्वाधिक सतावणारी कीड म्हणजे इरिओफाइड कोळी. भारतात हा कोळी १९९८ मध्ये केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात प्रथम आढळला आणि काही वर्षांतच दक्षिणेकडील नारळ उत्पादक राज्यांत पसरला. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा हा कोळी फळाच्या देठाजवळील पाकळ्यांखाली राहून कोवळ्या सालीतील रस शोषतो. सुरुवातीला पाकळ्यांच्या कडेपासून फिकट त्रिकोणी चट्टा दिसतो. फळ वाढते तसा तो तपकिरी होऊन त्याला भेगा पडतात. प्रादुर्भाव तीव्र असल्यास फळ लहान व वेडेवाकडे राहते आणि पाणीही कमी भरते.

येथे एक गोष्ट ग्राहकाला आणि शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज आहे. हा कोळी सालीवर जगतो, तो पाण्यापर्यंत पोहोचत नाही. न तडकलेल्या, तपकिरी डागांच्या शहाळ्याचे पाणी पिण्यास योग्य असते. परंतु बाजारात गुळगुळीत, हिरव्या किंवा नारिंगी शहाळ्याला भाव जास्त मिळतो. त्यामुळे डाग टाळण्यासाठी आंतरप्रवाही कीटकनाशकाचा आधार घेतला जातो, आणि डागाने न बिघडलेले पाणी उपायाने बिघडण्याची शक्यता निर्माण होते.

माडाला मुळाद्वारे किंवा खोडात औषध देण्याची पद्धत उंच झाडांसाठी सोयीची म्हणून रूढ झाली. मुळातून शोषलेले आंतरप्रवाही औषध रसवाहिन्यांमार्फत शेंड्यापर्यंत जाते, आणि वाढत्या फळांकडेही जाऊ शकते. म्हणूनच मुळाद्वारे औषध देण्यापूर्वी काढणीयोग्य फळे काढून घ्यावीत आणि त्यानंतर ४५ दिवस काढणी करू नये, अशी शिफारस आहे. खोबऱ्यासाठी पक्व नारळ काढणाऱ्या बागेत हे अंतर पाळणे फारसे अवघड नसते. शहाळ्याच्या बागेत मात्र जवळजवळ दर महिन्याला घड उतरवला जातो. महिन्याची काढणी आणि दीड महिन्याची प्रतीक्षा या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. एक काढणी सोडून देण्याची तयारी नसेल, तर शहाळ्याच्या बागेत मुळाद्वारे औषध देण्याचा विचारच करू नये.

यासाठी पूर्वी सर्रास वापरले जाणारे मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के हे द्रवरूप औषध केंद्र सरकारच्या २०२३ च्या आदेशानुसार बाद झाले आहे. गेंड्या भुंग्यासाठी शेंड्याच्या बेचक्यांत ठेवले जाणारे फोरेट हे दाणेदार औषध त्याआधीच, २०२० च्या अखेरीस, वापरातून बंद करण्यात आले. घरात किंवा गोदामात यांचा जुना साठा शिल्लक असेल, तर तो माडावर वापरणे बेकायदेशीर तर आहेच. शहाळे पिणाऱ्याच्या दृष्टीने ते धोकादायकही आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी बागायतदारांच्या भेटीत हा मुद्दा आवर्जून विचारावा.

शहाळ्याच्या बागेसाठी सौम्य उपाय

कोळ्यासाठी २ टक्के कडुनिंब तेल, लसूण व साबण यांचे मिश्रण उपयुक्त ठरते. १० लिटर पाण्यासाठी २०० मिलिलिटर कडुनिंब तेल, २०० ग्रॅम लसणाचा गाळून घेतलेला अर्क आणि ५० ग्रॅम साबण घ्यावा. साबण कोमट पाण्यात विरघळवून त्यात तेल घालून चांगले घुसळावे, नंतर लसणाचा अर्क मिसळून उरलेले पाणी घालावे. हे द्रावण त्याच दिवशी वापरावे. फवारा दोन ते पाच महिन्यांच्या कोवळ्या घडांवर, पाकळ्यांच्या कडा भिजतील असा बारीक थेंबांत मारावा. पक्व घडांवर तो मारण्याची गरज नसते. त्याबरोबर झाडाला शेणखत, निंबोळी पेंड आणि शिफारशीत खतमात्रा, विशेषतः पालाश, वेळेवर द्यावी. सशक्त झाडावरील फळे प्रादुर्भाव असूनही चांगली भरतात.

२०१६ मध्ये तमिळनाडूतील पोल्लाची परिसरात प्रथम नोंदवली गेलेली चक्राकार पांढरी माशी ही आज अनेक राज्यांतील माडांवर दिसते. पानांच्या खालच्या बाजूस ती मेणचट पांढऱ्या वर्तुळांत अंडी घालते आणि तिच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते. बाग काळवंडलेली पाहून फवारणीची घाई होते. परंतु एन्कार्सिया ग्वाडेलुपी हा अतिसूक्ष्म परोपजीवी कीटक या माशीच्या पिलांवर जगतो आणि तीव्र कीटकनाशके टाळलेल्या बागेत तिचे प्रमाण नैसर्गिकरीत्या खाली आणतो. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारणे आणि परोपजीवी कीटक असलेली पाने प्रादुर्भावग्रस्त बागेत नेऊन ठेवणे, हे येथे योग्य उपाय आहेत. गेंड्या भुंग्यासाठी शेंड्याच्या बेचक्यांत निंबोळी पेंडीची भुकटी व वाळू यांचे मिश्रण भरावे आणि शेणखताच्या खड्ड्यात मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी मिसळावी, कारण या भुंग्याच्या अळ्या शेणखतात व कुजणाऱ्या पालापाचोळ्यातच वाढतात.

कलिंगडाची निवड

कलिंगडाच्या गोडीचा आणि आकाराचा पहिला शिल्पकार मधमाशी आहे. या वेलावर नर व मादी फुले वेगवेगळी येतात, मादी फूल एकच दिवस उमलते आणि त्याच सकाळी मधमाश्यांच्या अनेक भेटी झाल्या, तरच फळ सर्व बाजूंनी सारखे भरते. परागीकरण अपुरे राहिल्यास फळ एका बाजूला बसके राहते. म्हणून फुलोऱ्याच्या काळात सकाळी कोणतीही फवारणी करू नये. ती अटळ असल्यास संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर करावी. नारळाच्या बागेत सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्यास त्यांना माडाच्या फुलोऱ्यातून वर्षभर खाद्य मिळते आणि शेजारच्या कलिंगडाच्या पिकालाही त्यांचा लाभ होतो.

कलिंगडाची दुसरी बाब म्हणजे फळमाशी. मादी माशी कोवळ्या फळाच्या सालीत अंडी घालते. दंशाच्या जागी बारीक छिद्र व चिकट डिंक दिसतो आणि आत अळ्यांबरोबर कुजवणारे जिवाणू वाढतात. अशी फळे 'डागाचा भाग काढून' रसासाठी वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा. कुजण्याची क्रिया डागाच्या पलीकडे गरात पसरलेली असते. बागेत एकरी साधारण ५ क्यू-ल्युअरचे सापळे लावावेत आणि दंश झालेली फळे गोळा करून खोल पुरावीत. ती बांधावर टाकल्यास त्यांतूनच पुढची पिढी बाहेर पडते.

रसासाठी पूर्ण पिकलेले फळ घ्यावे. देठाजवळची वेलताणी वाळलेली, जमिनीला टेकलेला भाग पिवळसर आणि टिचकी मारल्यास आवाज जड, ही पक्वतेची परिचित लक्षणे आहेत.

पेयाची कृती

साधारण सहा पेल्यांसाठी पुढील साहित्य पुरते :

• मध्यम आकाराची शहाळी : ३
• कलिंगडाचा बिया काढलेला गर : ७५० ग्रॅम
• लिंबे : २
• मीठ : सपाट पाव ते अर्धा चमचा
• भाजलेल्या जिऱ्याची पूड : अर्धा चमचा
• पुदिन्याची पाने : ८ ते १०

शहाळी व कलिंगड वाहत्या पिण्याच्या पाण्याखाली ब्रशने घासून धुवावीत. साल खायची नसली तरी हे आवश्यक आहे, कारण सुरी सालीवरील माती व जंतू आत नेते. फळे न कापता आधी थंड करून घ्यावीत. म्हणजे वरून बर्फ घालण्याची गरज पडत नाही. बर्फ घालायचाच असेल, तर तो पिण्याच्या पाण्यापासून केलेला असावा. मासळी व इतर माल थंड ठेवण्यासाठी विकला जाणारा बर्फ पेयात कधीही वापरू नये.

कलिंगडाचा गर हाताने किंवा रवीने मोडून स्वच्छ चाळणीतून गाळावा. मिक्सर वापरल्यास तो क्षणभरच फिरवावा. राहिलेली एखादी बी भरडली गेल्यास रसाला तुरटपणा येतो. शहाळे फोडून पाणी गाळून घ्यावे, त्यात लिंबाचा रस ताबडतोब मिसळावा, मग कलिंगडाचा रस, मीठ, जिरेपूड व चुरगळलेला पुदिना घालावा. मलई कोवळी असल्यास तिचे बारीक तुकडे वरून सोडावेत. साखर घालू नये.

शहाळ्याचे पाणी हवेशी संपर्क आल्यावर कधी कधी गुलाबी होते. पाण्यातील विकरांमुळे हा रंग येतो आणि ताज्या पाण्याच्या बाबतीत तो बिघाडाचे लक्षण नसतो. लिंबाच्या रसाने ही क्रिया मंदावते. लिंबाऐवजी दोन-तीन चमचे कोकमाचे आगळ घातल्यास रंग व आंबटपणा दोन्ही मिळतात. मात्र आगळात मीठ असतेच, म्हणून वेगळे मीठ घालू नये. नारळाच्या बागेत आंतरपीक म्हणून अननस असल्यास कलिंगडाऐवजी त्याचा रस निम्म्या प्रमाणात वापरता येतो.

किती वेळ टिकते

शहाळ्याचे पाणी आणि कलिंगडाचा रस हे दोन्ही पदार्थ कमी आम्ल आहेत. लिंबू-सरबत किंवा कोकम यांच्याप्रमाणे आंबटपणाचे संरक्षण त्यांना नसते. थोड्या लिंबाने चव येते, पण जंतूंची वाढ थांबत नाही. म्हणून उघड्यावर ठेवलेले पेय दोन तासांच्या आत संपवावे आणि ५ अंश सेल्सिअसखाली ठेवलेले त्याच दिवशी संपवावे. हे पेय घरगुती पद्धतीने बाटल्यांत भरून विकणे योग्य नाही. बाटलीबंद विक्रीसाठी शास्त्रीय उष्णता प्रक्रिया, तपासणी आणि अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा परवाना आवश्यक असतो. गाड्यावर ताजे पेय विकणाऱ्या गटानेही प्राधिकरणाकडे आपली नोंदणी करून घ्यावी.

सोललेल्या शहाळ्याबाबत अधिक दक्षता हवी. जाड सोडण हे फळाचे नैसर्गिक चिलखत असते. ते तासून काढल्यावर बुरशीला आत शिरणे सोपे होते. डेन्मार्कमध्ये महिनाभर सामान्य तापमानात राहिलेल्या अशा सोललेल्या नारळाचे पाणी प्यायल्यानंतर एका व्यक्तीचा मृत्यू झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. बुरशीने तयार केलेले ३-नायट्रोप्रोपिऑनिक आम्ल हे विष त्याला कारणीभूत होते. सोललेली शहाळी ०.५ टक्का सायट्रिक आम्ल आणि ०.५ टक्का पोटॅशियम मेटाबायसल्फाइट यांच्या द्रावणात ३ मिनिटे बुडवून ५ ते ७ अंश तापमानात ठेवल्यास सुमारे २४ दिवस टिकतात, असे तंत्र केरळ कृषी विद्यापीठाने विकसित केले आहे. शीतसाखळी नसेल, तर सोडणासह शहाळे विकणेच सुरक्षित. फोडल्यावर पाणी आंबूस किंवा उग्र वासाचे लागल्यास एक घोटही गिळू नये.

कोणी जपून प्यावे

मूत्रपिंडाचा विकार असलेल्या व्यक्तींनी, तसेच शरीरातील पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय हे पेय घेऊ नये. मधुमेही व्यक्तींनी त्यातील नैसर्गिक साखर लक्षात घ्यावी. उष्माघाताची लक्षणे, म्हणजे अतिशय तापलेले अंग, असंबद्ध बोलणे किंवा शुद्ध हरपणे दिसल्यास पेय पाजत बसू नये. रुग्णाला सावलीत नेऊन अंग ओले करून वारा घालावा आणि विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

रिकामी शहाळी आणि डास

कर्नाटकातील मद्दूरसारखी मोठी शहाळ्यांची बाजारपेठ असो वा गावातील एखादा गाडा, दिवसअखेर रिकाम्या शहाळ्यांचा ढीग उरतोच. डेंगी व चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास अशा लहान भांड्यांतील पाण्यातच वाढतो. पाण्याच्या पातळीच्या किंचित वर चिकटवलेली त्याची अंडी कोरडी पडली तरी अनेक महिने जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाच्या पाण्याने फुटतात. उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार होण्यास आठवडा ते दहा दिवस पुरतात. मे महिन्यातील दुर्लक्षित ढीग हा जूनमधील डासांचा स्रोत ठरतो.

त्यामुळे प्रत्येक रिकामे शहाळे त्याच दिवशी उभे चिरून चार फोडी कराव्यात आणि उन्हात वाळवाव्यात. वाळलेल्या फोडी माडांच्या दोन ओळींमधील चरांत पुरल्यास त्या पाणी धरून ठेवतात आणि उन्हाळ्यातील ओलावा टिकवतात. कुजत पडलेला ओला ढीग मात्र गेंड्या भुंग्यालाही आमंत्रण देतो. कलिंगडाच्या साली व चोथा झाकणाच्या डब्यात साठवावा. तो उघडा राहिल्यास माश्या व चिलटे येतात आणि तीच पुढे पेल्याच्या काठावर बसतात.

विस्तार कार्यकर्त्यांना या पेयाचे प्रात्यक्षिक महिला गटांसमोर किंवा शेतकरी मेळाव्यात सहज घेता येईल. त्या वेळी कृती दाखवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : या माडाला गेल्या ४५ दिवसांत मुळातून किंवा खोडातून काही दिले आहे काय? हे कलिंगड दंशमुक्त आहे काय? आणि रिकामी शहाळी संध्याकाळी कोठे जाणार? पहिल्याचे उत्तर 'नाही', दुसऱ्याचे 'होय' आणि तिसऱ्याचे 'चिरून, वाळवून चरात' असे आले, की मग कोयता धुऊन हातात घ्यावा.